तुटक रेघ

वने, शाळेच्या भिंतीवर तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली गावातल्या मंडळांची नावं आणि मधोमध तू, हसरी. फोटो तुझ्या मुलीच्या, अश्विनीच्या हळदीतला आहे. तुझ्या डाव्या खांद्यावर एक हात दिसतो, तो माझा. बाकीची मी फ्लेक्सवाल्याने कापून टाकलेय. हात कापायला गेला असता तर तुझा खांदाही गेला असता, म्हणून तेवढा राहिला. आयुष्यभर नकाशे काढत आल्यामुळे कागद कुठे कापायचा हे मला कळतं. त्याने बरोबर कापलंय.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून नीट रडलेली नाही. तुमच्या गावातल्या बायकांनी हे लक्षात ठेवलं असणार. त्या दिवशी एक जण दुसरीला हळूच म्हणाली, "ही चालीतली मैत्रीण ना गो? हिच्या डोल्यात पानी नाय." मी ऐकलं. तुझं नि माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि भांडण चालू असताना मला रडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यांना काय सांगणार?

आपण दोघी याच शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तू शाळेमागच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. मी विठ्ठलवाडीच्या बाजूच्या चाळीतली. तुला शाळा दोन मिनिटांवर होती. आम्हा चाळीतल्या मुलांना यायचं तर तुझ्या वडिलांच्या शेतातल्या बांधावरून यावं लागे. तुझे वडील लांबून ओरडायचे, "पोरानू, भातात पाय ठेवू नका!" बांधावरून चालू नका, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. सातवीनंतर तू घरी बसलीस, मी पुढे ड्राफ्ट्समनचा कोर्स करून सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागले. मैत्री टिकली, कारण तू ती टिकवलीस. मी आपण होऊन फोन करणारी नव्हे.

मग शाळा बंद पडली. मुलं इंग्रजी शाळांकडे गेली, एकेका वर्गाला कुलूप लागत गेलं, आणि इमारत नुसती उभी राहिली. काही वर्षांनी वॉर्डात सूचना लागली, की इमारत आणि मैदान लोकांच्या उपयोगी आणायचं आहे, कसं ते लोकांनीच ठरवावं आणि आराखडा द्यावा. असल्या सूचना मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या होत्या. लोक येत नाहीत, आणि मग फाइलमध्ये लिहिलं जातं की लोकांचा सहभाग घेतला. पण तुझा फोन आला. "कुसुम, तू नकाशेवाली ना गो? मंग ये. घोडबंदरला बसून कोनता नकाशा बगतंस?"

मी मुलाकडे घोडबंदर रोडला राहते, तेविसाव्या मजल्यावर. खाली सोसायटीचा बगीचा आहे. त्यात पाटी आहे, 'फक्त रहिवाशांसाठी'. त्या बगीच्यात मी कोणाला बसलेलं पाहिलेलं नाही. दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून मी कल्याणला पोचले तेव्हा तू शाळेच्या पडक्या मुतारीतल्या विटा मोजत होतीस.

तू सभा घेतलीच नाहीस. खुर्च्या मांडल्या की पुढच्या रांगेत तेच ते बसतात आणि तेच ते बोलतात, असं तुझं म्हणणं. तू येईल त्याच्या हातात एक वीट द्यायचीस आणि सांगायचीस, "तुला बसावंसं वाटतंय तिथं ठेव." मला ते पोरकट वाटलं. पहिल्या दिवशी एक म्हातारी वीट पदराखाली घेऊन घरी निघाली, तिला वाटलं सरकारी वाटप आहे. संध्याकाळी बघितलं तर पुरुषांच्या विटा सगळ्या फाटकाजवळ, येणारा-जाणारा दिसेल अशा. बायकांच्या विटा इमारतीच्या मागे, जांभळाखाली, जिथून फाटक दिसत नाही आणि फाटकातून त्या दिसत नाहीत. कॉलेजच्या मुलींच्या विटा वर्गांच्या खिडक्यांखाली, दोन-दोन. महिनाभर रोज लोक येऊन आपापली वीट इकडची तिकडे करत राहिले. भांडणंही झाली, कोणी कोणाची वीट ढकलली यावरून. एक दिवस विटा हलायच्या थांबल्या, तेव्हा तू मला म्हणालीस, "आता मोज." मी टेप लावून मोजलं. बाकांच्या जागा ठरवायची याहून चांगली पद्धत मला सगळ्या नोकरीत कोणी शिकवली नव्हती. हे मी तेव्हा तुला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

इमारतीवरून मात्र गाव आणि चाळी समोरासमोर आल्या. गावाला हळदीसाठी हॉल हवा होता, चाळीतल्या मुलांना अभ्यासिका. एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे मुलीने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कुठे करायचा, हा माझा मुद्दा. पोरीची हळद किती दिवस रस्त्यात मांडव घालून करायची, हा तुझा. तू निवाडा दिलास, "खोल्या तुमाला, मैदान आमाला. आनि मे महिन्यात कुनाची परीक्षा नसते." परीक्षा बाराही महिने असतात बाई, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, "हलद एका दिवसाची. तवर कानात कापूस घालतील." तुमच्याकडची हळद एका दिवसात आटपत नाही आणि त्या डीजेला कापूस पुरत नाही. हा वाद आपला मिटला नाही. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं.

आणि मग ती रेघ आली.

आराखडा कागदावर उतरवताना चाळीतून शाळेकडे येणारी बांधावरची वाट मी तुटक रेघेने दाखवली. पायवाट तुटक रेघेनेच दाखवतात. अखंड रेघ म्हणजे हद्द, नाही तर बांधलेला रस्ता. हे मी कोर्सच्या पहिल्या वर्षी शिकले आणि त्यावरच निवृत्त झाले. तू कागदावर वाकून विचारलंस, "ही रेघ अशी तुटकी कशाला गो?" मी नियम सांगितला. तू म्हणालीस, गावात हे चालायचं नाही, पक्की काढ. मी म्हटलं, पक्की काढली तर त्याचा रस्ता होतो. मग तू जरा विचार करून म्हणालीस, "मंग पावलं काढ. लक्ष्मीची काढतांव तशी." आमच्या घरी लक्ष्मीची पावलं कधी काढली नाहीत, आणि काढली असती तरी मी हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "हा नकाशा आहे, उंबरठा नाही." तू गप्प बसलीस. तू गप्प बसणारी नव्हेस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवारी आराखडा शाळेच्या भिंतीवर लावला. सोमवारी सकाळी त्यातला एकच तुकडा फाडलेला होता. इमारत, बाक, जांभूळ, फाटक, सगळं जागच्या जागी. बांधावरची वाट तेवढी गेलेली.

तुमच्या गावात 'तुटक' या शब्दाला वेगळा अर्थ आहे, हे मला त्या सोमवारी कळलं. 'त्यांची जमीन तुटकात गेली', 'आमची तुटकातून वाचली', असं तुमच्याकडे म्हणतात. फार वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यासाठी साहेब लोक नकाशा घेऊन गावात आले होते. त्यावर तुटक रेघा होत्या, आणि त्या रेघांच्या आतली शेतं गेली. तुझा धाकटा भाऊ बाळाराम मैदानात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "बाय, तुमी आमच्या बापाच्या शेतावर तुटक मारलीत?" मी सांगत राहिले, की अहो, ही नुसती पायवाट आहे, जी आहे तीच दाखवलीय, कोणी काही घेत नाही. तो म्हणाला, "तवा पन असंच बोलले होते."

वने, तेव्हाच्या त्या नकाशावर शाई माझी होती. हे तुला मी कधी सांगितलं नाही. नोकरीला लागून माझं दुसरंच वर्ष होतं. साहेब गावात फिरले, मी कचेरीत टेबलावर होते. तुमच्या गावाचं नाव त्या कागदावर माझ्या अक्षरात आहे. तुझ्या वडिलांचं खालचं शेत कुठे संपतं ते मला पाठ होतं, तरी मी पट्टी धरली आणि रेघ ओढली. रस्ता मी ठरवलेला नव्हता, ठरवणारे वेगळे होते, आणि मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्या टेबलावरच्याने ओढली असती. हे सगळं खरं आहे. तरी तुझ्यापासून लपवलं, म्हणजे मला ते खुपत होतंच. मला भीती होती, तू बोलणं टाकशील. आता त्या भीतीत काही अर्थ उरला नाही, म्हणून सांगते.

बाळारामला ते उरलेलं शेत बिल्डरला द्यायचं होतं. वडिलांमागे सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर तुझंही नाव लागलेलं, त्यामुळे तुझी सही लागणार होती. बहिणी हक्कसोड करतात, कागदावर सही करून आपला वाटा भावाला सोडून देतात, आणि त्यांचं माहेर शाबूत राहतं. असं कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या आत्यांनी केली होती, तूही करणार होतीस. जमीन तुला नकोच होती. त्या सोमवारनंतर तू भावाच्या घरी गेलीस आणि म्हणालीस, वाटा सगळा घे, बांधावरची वाट तेवढी लोकांना सोड आणि तसं कागदावर लिहून दे, मग सही करते. तो म्हणाला, आतून लोकांची वाट जाणार असेल तर बिल्डर जमिनीला हात लावायचा नाही. तू म्हणालीस, मग सही नाही.

वाट गेली तर काय होईल ते आपण दोघींनी चालून पाहिलं होतं. चाळीतून शाळेला यायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा, मध्ये डंपरांचा तो चौक. म्हातारी माणसं येणार नाहीत, आया मुलांना पाठवणार नाहीत. अभ्यासिका आमच्या मुलांसाठी म्हणून झगडून घेतलेली, आणि तीच तिथे पोचणार नाहीत. विटा ठेवणाऱ्यांपैकी अर्धे लोक त्या बाकांवर कधीच बसले नसते. पाटी न लावतासुद्धा ते मैदान 'फक्त रहिवाशांसाठी' झालं असतं.

तुझं सासर आणि माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. तरी ते माहेर बंद झालं. दोन रक्षाबंधनं गेली, दोन भाऊबीजा गेल्या. दुसऱ्या भाऊबीजेला तू मला फोन केलास आणि म्हणालीस, कुसुम, करून टाकते सही. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मग त्या विटा परत मुतारीत नेऊन टाक." तू म्हणालीस, "तुजं काय जातंय गो? तुना भाव हाय कुठं?"

मला भाऊ नाही, हे खरं आहे. पण तू ते असं बोलायला नको होतंस. महिनाभर आपण बोललो नाही. मग तू आजारी पडलीस. आजारी माणसाशी भांडायचं नसतं म्हणून आपण दोघी एकमेकींशी गोड बोलायला लागलो. तू कशी आहेस, मी बरी आहे, डाळिंब आणलंय, कशाला आणलंस. इतक्या वर्षांत आपल्यात त्याहून वाईट असं काही झालं नव्हतं. मी तुला त्या अटीला धरून ठेवलं, आणि तुझा भाऊ तुझा राहिला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, वने. डाळिंब सोलताना हे म्हणायचं होतं.

तू गेलीस त्या सकाळी मी पोचले तेव्हा तुला अंघोळ घालून झाली होती आणि सगळे नुसते थांबले होते. बाईची शेवटची साडी माहेरची. ती आल्याशिवाय उचलत नाहीत. कोणीतरी म्हणालं, आता किती थांबायचं, घरातलीच नेसवा. अश्विनी म्हणाली, "नाही. थांबायचं." दोन गल्ल्या ओलांडायला बाळारामला एक तास लागला. तो आला, कोणाकडे न बघता साडी अश्विनीच्या हातात दिली. जांभळी होती. घड्यांवर पिवळ्या रेषा उमटल्या होत्या, कपाटात बरेच दिवस पडून राहिलेल्या साडीवर येतात तशा. भाऊबीजेला घेतलेली असणार, यंदाच्या की गेल्या वर्षीच्या ते मी विचारलं नाही. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. साडी घेऊन ठेवली होती तर दोन गल्ल्या आधी ओलांडायला काय झालं होतं? पण हा प्रश्न मलाही कोणी विचारला असता, म्हणून मी तोंड मिटून उभी राहिले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी अश्विनी माझ्याकडे आली, पहिल्यांदाच एवढ्या लांब. तुझे मालक आधीच गेलेले, दुसरं मूल नाही, म्हणून तुझा वाटा आता तिच्याकडे येतो. बाळारामने हक्कसोडीचे कागद तिला दिले होते.

"मामाने जबरदस्ती नाही केलेली, मावशी," ती म्हणाली. "फक्त बोलला, बघ. मला काय सुचतच नाहीये. आईची साडी त्यानेच आणलेली ना. आता माहेर बोलायला मला दुसरं काय उरलंय?"

तिला नवरा आहे, डोंबिवलीला भरलेलं सासर आहे. तरी तिचं म्हणणं मला बरोबर कळलं.

मी म्हटलं, "सही कर."

"आणि वाट?"

"वाट दुसरीकडून काढता येईल. मागच्या नाल्याच्या कडेने."

हे खोटं होतं. तिथली हातन् हात जागा मी मोजलेली आहे. नाल्याच्या कडेने एक शेळी जाईल, माणूस जायचा नाही. पण त्या वाटेपायी मी एका बाईचं माहेर घालवलं होतं, आता तिच्या मुलीचं घालवण्याचा धीर माझ्यात नव्हता. गेली वाट तर जाऊ दे, असं मी ठरवून टाकलं. चार वर्षांचं काम सोडून द्यायला मला अर्धा कप चहा पुरला.

अश्विनीने पर्समधून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"आई हॉस्पिटलमध्ये बोललेली, सहीचं आलं की मावशीला विचार. बोलली, ती 'सही कर' बोलंल. मंग तिला कागुद दे, आनि सांग, दुसरी वाट काढून दाखव." अश्विनी तुझ्यासारखंच बोलत होती आणि तिला ते कळत नव्हतं. "बोलली, कुसुमला तोंडानं खोटं बोलता येतंय, हातानं नाय."

मी पेन्सिल घेतली. नाला काढला. शाळा काढली. चाळीतली शेवटची खोली काढली. मग हात थांबला. शेवटी मी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही ना दुसरी?"

मी मान हलवली.

म्हणजे तुला माहीत होतं. तुझ्या मुलीचा प्रश्न आला की मी वाट सोडून देईन, हे तुला हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या माहीत होतं, आणि त्याच तोंडाने तू मला म्हणाली होतीस की तुझं काय जातंय. भांडण तू जिंकलीस, वने. जिंकायला समोर थांबायची तेवढी तसदी घेतली नाहीस.

काल अश्विनीचा फोन आला. ती कागद परत द्यायला बाळारामकडे गेलेली. दारात उभं राहूनच सांगितलं, "मामा, आईची जी अट होती तीच माझी."

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"कागद घेतले, बघत बसला. मी निघाले तर बोलला, ज्यावून जा."

"मग?"

"मग काय मावशी. जेवले. मामीने बोंबलाचं कालवण केलेलं, दोनदा वाढलं."

वाटेचं अजून काहीच ठरलेलं नाही. काल तुझी मुलगी तुझ्या माहेरी जेवली.